माळ्याला घाम आला

आधीच सांगून टाकते, या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं साधारण निवृत्त असतात. मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला कामाला लागून जेमतेम चार वर्षं झालीत. संपादकबाईंना म्हटलं, मॅडम, माझ्याकडे आठवणी नाहीत, फक्त चुका आहेत. त्या म्हणाल्या, मग चुकाच लिही. सो लिहितेय. साइटवर प्लास्टर सुकायची वाट बघत मोबाइलवर टाइप करतेय, त्यामुळे सांभाळून घ्या.

माझं काम म्हणजे पत्र्याखालची घरं गार करणं. एसी विकणं नाही हां, लोकांचा तिथेच गोंधळ होतो. एसी घर गार करत नाही, तो घरातली गरमी उचलून बाहेर फेकतो. छपरातून गरमी आत येतच राहिली तर तो बिचारा दिवसभर फेकतच बसतो, आणि महिन्याच्या शेवटी बिल बघून घरातले एकमेकांवर ओरडतात. आम्ही ती गरमी दारातच अडवतो. आम्ही म्हणजे मी आणि सावंतकाका. काका सुतार, मूळचे मालवणकडचे, वय साठच्या पुढे, आणि माझ्या डिग्रीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

मी घाटकोपरला टेकडीवर पत्र्याखालीच वाढले. मे महिन्यात आई पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायची आणि ती पंधरा मिनिटांत पापडासारखी कडक व्हायची. दहावीचा अभ्यास मी पलंगाखाली आडवी पडून केलाय, कारण घरात जरा गारवा असलेली तेवढी एकच जागा. त्यामुळे पत्र्याची गरमी मला कुणी शिकवायची गरज नाही असं मला वाटायचं. वाटायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असतात. मुलुंडचे एक काका आम्ही काम करत असताना हातात थर्मामीटर घेऊन खुर्चीवर बसून राहायचे आणि दर अर्ध्या तासाला वहीत आकडा लिहायचे. काम संपल्यावर म्हणाले, चार डिग्री कमी झाली, पण पंखा पण होता ना. अशा माणसांवर एक वेगळा लेख होईल. पण आज मला पारूमावशीबद्दल लिहायचंय, कारण ते माझ्या पोटात राहत नाहीये.

मालाडच्या पश्चिमेला, खाडीच्या काठाला एक कोळीवाडा आहे. नाव सांगत नाही, मावशी मारेल. तिथे तिचं घर. खाली दोन खोल्या, वर उतरत्या पत्र्याखाली लांबच लांब माळा. तिच्या मुलाने, नितेशने, लग्न झाल्यावर या माळ्याच्या पुढच्या भागात स्वतःसाठी खोली काढली. पत्र्याच्या उतारात माणूस ताठ उभा राहत नाही, म्हणून त्याने छप्पर फोडून एक खोक्यासारखी खिडकी बाहेर काढली. इंग्रजीत तिला डॉर्मर म्हणतात. मावशी तिला चिमणीचं घर म्हणायची. दिसायला एकदम झकास. खिडकीत बसलं की होड्या दिसतात, खाडी दिसते, वारा येतो.

पण गरमीच्या हिशोबाने बघितलं तर अशी खिडकी म्हणजे घराच्या डोक्यावर ठेवलेला तवा. वरून पत्रा, दोन्ही बाजूंना पातळ सिमेंटचे पत्रे, आणि समोर काच, ती पण पश्चिमेला. पाच बाजूंपैकी चारांवर ऊन. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. टेंपरेचर गन पत्र्यावर रोखली तर आकडा साठच्या पुढे. नितेशने दीड टनाचा एसी घेऊन ठेवला होता आणि तो लावला की दर वेळी घराचा मेन पडायचा. त्याची बायको रेश्मा बाळंतपणाला उरणला माहेरी गेलेली. महिनाअखेर बाळ घेऊन येणार होती. नितेश मला म्हणाला, "दीदी, बाळ या भट्टीत कसं ठेवणार? तू काय पण कर, फक्त वर झोपता आलं पाहिजे."

मावशी खालून ओरडली, "आम्ही काय एसीत जन्मलो काय?"

मी कामाला लागले. आणि सांगते, काम मस्त झालं. पत्र्यावर बाहेरून पांढरा रंग, उन्हं परतवणारा. पत्र्याच्या खाली दीड इंच हवेची जागा, मग चंदेरी फॉइल, मग फोमचा जाड बोर्ड, मग आतलं सीलिंग. खिडकीच्या बाजूंना पण तेच. काचेला आतून पडदा लावून काही होत नाही, ऊन एकदा काचेतून आत आलं की आलंच, म्हणून बाहेरच्या बाजूला बांबूची चिक. दीड टनाचा एसी परत करून एक टनाचा लावला, कारण आता तेवढा पुरणार होता. त्याचं बाहेरचं मशीन मागच्या अंगणात स्टँडवर बसवलं.

आणि मग फटी. फटी बुजवणं हे माझं आवडतं काम आहे, मी कबूल करते. गार हवा पळते ती फटीतून. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये, पत्र्याच्या नळ्यांखाली, वर मोभाशी, म्हणजे छपराच्या कण्याशी, जिथे जिथे उजेडाची रेघ दिसली तिथे मी फवाऱ्याचा फोम मारला. पुढच्या खोलीत मारला. आणि जोशात मागच्या माळ्यावर पण मारला. पुढची खोली आणि मागचा माळा यांच्यात फक्त एक प्लायवुडची पार्टिशन होती. मी म्हटलं, अर्धं छप्पर कशाला, पूर्णच करू. मागच्या छपराला पण बोर्ड लावले, जास्तीचे पैसे न घेता. बोनस.

मी शिडीवर होते, काका खाली उभे. त्यांनी वर बघून विचारलं, "ही फट कशाक बुजवतंस गो? वारो खंयसून जातलो?"

म्हणजे, वारा जाणार कुठून. मी म्हटलं, काका, वारा जायलाच नको आहे, तोच तर पॉइंट आहे. ते दात कोरत राहिले.

मागच्या माळ्यावर तेव्हा काय होतं? रिकाम्या गोण्या, टोपल्या, एक तुटका स्टूल. सुक्या मासळीचा वास होता, पण कोळीवाड्यात वास कुठे नसतो. मी विचारलं नाही इथे काय ठेवता. मावशीने सांगितलं नाही, कारण कोळीवाड्यात ही सांगायची गोष्टच नाही. पाणी कशात भरता असं कोणी विचारतं का? तसं.

मे संपताना रेश्मा आली. बाळ वर गार झोपलं. भर दुपारी सीलिंगवर गन रोखली तर एकतीस. मी फोटो काढून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला आणि दिवसभर लाइक मोजत बसले. नितेशने पेढे दिले.

जून लागून दहा-बारा दिवस झाले असतील. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, नुसती चिकचिक. सकाळी मावशीचा फोन आला. मावशी कधी फोन करत नाही, नितेशला करायला लावते. ती फक्त एवढंच बोलली, "पोरी, माळ्याला घाम आलाय. ये."

मी बांधकामातली पोरगी, मला लगेच कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. मला वाटलं एसीचं पाणी गळत असेल. काकांना घेऊन अकराच्या सुमारास पोचले. मागच्या माळ्यावर शिडीने चढले, डोकं वर काढलं आणि आधी वास आला. सुक्या मासळीचा नव्हे. कुबट. बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसा.

नऊ गोण्या होत्या, आमचं काम झाल्यावर, पावसाच्या तोंडावर वर चढवलेल्या. जवळा आणि सुके बोंबील. पार्टिशनला टेकवून नीट रचलेल्या. मी पार्टिशनला हात लावला आणि हात ओला झाला. थेंब. प्लायवुडवरून ओघळ खाली येऊन गोण्यांत मुरलेले.

काय झालं होतं ते बाहेरच्या माणसाला सांगते, सोपं आहे. फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला बाहेरून घाम येतो ना? पुढची खोली म्हणजे ती बाटली. एसीने पार्टिशन थंडगार. मागे जूनची दमट हवा, आणि ती बाहेर जाईल अशी एकही फट मी शिल्लक ठेवलेली नव्हती. पूर्वी काय व्हायचं? पत्रा तापायचा, माळा भट्टी व्हायचा, दमट हवा गरम होऊन मोभाच्या फटीतून पळायची, खालच्या फटींतून दुसरी यायची. मासळी पावसाळाभर कडकडीत. ज्या गरमीला मी दुश्मन समजत होते तीच मावशीची कोठी सांभाळत होती. मी ती गरमी पण काढली आणि वारा पण अडवला. दोन्ही. फुकटात.

आणि ही नुसती घरात खायची मासळी नव्हती. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात, मासेमारी बंद. ते दोन महिने मावशी मार्केटमध्ये सुकं घेऊन बसते. ऑक्टोबरपासून उन्हात उभं राहून सुकवलेलं सगळं त्या नऊ गोण्यांत होतं. दुसरं काही नव्हतं.

मावशी एका गोणीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. तिने मूठ बाहेर काढली. जवळा सुटा असतो, बोटांतून वाळूसारखा गळतो. तिच्या मुठीत लाडूसारखा गोळा होता. तिने तो माझ्यापुढे धरला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नितेशने दिल्या. खालून शिडीवर अर्धा चढून तो म्हणाला, "तू बोललेलीस ना, सगळं पॅक करते म्हणून. पॅक झाली माझी आय." मी काकांकडे बघितलं. मला वाटलं आता ते म्हणणार, तुका सांगलेलंय. पण खिशातून कटर काढून त्यांनी मोभाशी मारलेला फोम कापायला सुरुवात केली होती.

तर वाट लागलेली होती आणि वेळ नव्हता. आभाळ कधी फुटेल सांगता येत नव्हतं. एकदा पाऊस लागला की सुकवायला उन्हाचा कवडसा मिळणार नाही. आम्ही गोण्या खाली उतरवल्या. मावशीने एकेक उघडून वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवून थुंकली. दोन गोण्यांना बुरशी धरली होती. तिने त्या बाजूला ढकलल्या. नितेश म्हणाला वरचं काढून खालचं बघू, थोडं तरी निघेल. मावशीने मान हलवली. "माझ्या गिऱ्हाइकाला मी खवट घालायची नाय." त्या दोन गेल्या. सात राहिल्या, सगळ्या दमट. आजपासून सुकायला लागल्या तर ठीक, नाहीतर दोन-तीन दिवसांत त्यांना पण बुरशी.

ऊन नव्हतं. मी खालच्या खोलीत चटयांवर जवळा पसरून दोन टेबलफॅन लावले. अर्ध्या तासाने हात लावला, तसाच. ओली हवा ओल्या मासळीवर मारून काय होणार? मला हे माहीत होतं, मी परीक्षेत लिहिलंय हे, तरी मी फॅनची दिशा बदलत बसले होते. रेश्मा बाळाला घेऊन खाली आली होती, ती पण जवळा हलवायला बसली.

मावशी दिसेना. मागच्या अंगणात गेले तर ती एसीच्या बाहेरच्या मशीनसमोर उभी. वर खोलीत एसी चालूच राहिला होता, बंद करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मशीनचा पंखा गरम वारा फेकत होता आणि मावशी त्यापुढे हात धरून उभी होती, चुलीपुढे धरतात तसे. मग ती आत गेली, पिठाची चाळण घेऊन आली, त्यात मूठभर जवळा पसरला आणि चाळण मशीनसमोर धरली.

मी म्हटलं, मावशी, त्याच्यासमोर काही धरायचं नसतं, मशीनचा श्वास कोंडतो.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आणि माझ्या म्हावऱ्याचा कोंडला तो?"

ती हात बदलत बदलत उभी राहिली. वीसेक मिनिटांनी तिने चाळण हलवली. आणि आवाज आला. खुळखुळ. सुटा, कोरडा आवाज. मला आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकू आलेला नाही, खरं सांगते.

तेव्हा कुठे माझं डोकं चालू झालं. ती हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम होती, आणि हवा गरम केली की तिची तहान वाढते, ती ओल शोषून घेते. चार वर्षं मी लोकांना सांगत आले की ही फेकलेली गरमी आहे, वाया गेलेली. माझ्या चार्टमध्ये तिच्यावर लाल फुली असते.

काकांनी वलांडीचे बांबू मागवले. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा मांडव, उन्हाळ्यानंतर सोडून ठेवलेला होता. तासाभरात त्यांनी मशीनपासून हात-दीड हात सोडून, वारा अडणार नाही अशी उभी घडवंची केली, चार मजल्यांची, तळाला जुनं बारीक जाळं. वर ताडपत्री. मी मापं काढून देत होते आणि या वेळी ते सांगतील तसं करत होते.

मग एक अडचण आली. मशीन मधेच थांबायला लागलं. खोली गार झाली की ते बंद होतं, आणि मी खोली अशी बनवली होती की ती पटकन गार व्हायची आणि गारच राहायची. मशीन थांबलं की वारा थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वर गेले. माझ्या चिमणीच्या घराची ती खिडकी, जिच्या चारही कडांना मी स्वतः रबराची पट्टी बसवली होती, केसभर फट ठेवली नव्हती. मी ती उघडली. चार बोटं उघडली आणि सरकू नये म्हणून बांबूचा तुकडा अडकवला. बाहेरची गरमी आत आली, खाली मशीन घरघरलं. मावशी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सगळं बघत होती.

तीन दिवस हे चाललं. सकाळी आठला सुरू, दिवेलागणीला बंद. मांजरं हाकलायचं काम रेश्माकडे. मधल्या वेळात मी आणि काकांनी मागच्या माळ्याचं सगळं उलटं केलं. छपराचे बोर्ड उतरवून तेच पार्टिशनला मागून लावले, सांधे फॉइलने बंद, म्हणजे थंडी पुढच्या खोलीतच राहील आणि दमट हवेला थंड प्लायवुड भेटणारच नाही. खालच्या आणि वरच्या फटी मोकळ्या, फक्त उंदरांसाठी जाळी. पत्र्यावरचा पांढरा रंग मागच्या बाजूने खरवडायला गेले तर काका म्हणाले, "ऱ्हवांदे. एवढी शिक्षा पुरे." तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला. तेव्हा शेवटची गोणी शिवून झाली होती.

सात वाचल्या. दोन गेल्या. त्या दोन गोण्यांची भरपाई आम्ही केली, पण ऑक्टोबरपासून उन्हात मोडलेली तिची कंबर कशी भरून देणार? मावशीने नितेशला मला चहा द्यायला सांगितलं, स्वतः दिला नाही.

आता कुठल्याही घरी गेले की मी टेंपरेचर गन नंतर काढते. आधी घरातल्या बाईला विचारते, माळ्यावर काय ठेवता? जूनमध्ये काय ठेवता? दिवाळीत काय ठेवता? अंधेरीच्या एका घरात माळ्यावर चार वर्षांचे पापड निघाले, बोरिवलीत एकीने लाजत लाजत सासूपासून लपवलेल्या साड्या दाखवल्या. काका मागे उभे राहून हसतात. हसू देत.

गोष्ट इथे संपायला पाहिजे होती. जुलैच्या शेवटी मावशीचा परत फोन. पुन्हा घाम आला का विचारलं तर म्हणाली, नाय, ये तू. गेले. मागचा माळा चढले, पार्टिशनला हात लावला. कोरडं. गोणीत हात घातला. जवळा बोटांतून गळला. खाली मागच्या अंगणात मात्र काकांची घडवंची तशीच उभी, आणि तिच्यावर शेजारच्या तीन घरांचे दमट झालेले बोंबील, ओळीने.

मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या कामात खोट हाय. मशीन सारखं गप बसतं. एवढं गार कोणी करायला सांगितलेलं तुला?"

वर पुढच्या खोलीत गेले. एसी सोळावर, बाळ पाळण्यात, अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला टोपरं, जुलै महिन्यात. रेश्मा माझ्याकडे बघून नुसती हसली आणि तिने डोळ्यांनीच खिडकी दाखवली. खिडकी चार बोटं उघडी होती. फटीत बांबूचा तुकडा.

मी तो काढला, खिडकी घट्ट लावली, रबराच्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. नितेशला बिलाचं काय सांगायचं याचा विचार करत चपला घातल्या. घरापुढच्या गल्लीतून वर बघितलं तर तुकडा परत जागेवर होता.